गेममध्ये शब्द येतो, गिऱ्हाईक समोर आलं की अडतो

प्रश्न : अजिंठा लेण्यांच्या वाटेवर, फर्दापूरच्या टी पॉइंटवर काकांचं रंगीत खड्यांचं आणि पोस्टकार्डांचं दुकान आहे, मी तिथंच बसतो. हिवाळ्यात जपानी पर्यटक येतात. त्यांच्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून तीन महिने मोबाईलवर आणि भावाच्या जुन्या लॅपटॉपवर जपानी शब्द शिकवणारे गेम खेळतोय. साडेतीनशे शब्द झाले, बहुतेक उत्तरं बरोबर येतात. फेब्रुवारीत एक जपानी आजी खडा हातात घेऊन काहीतरी म्हणाल्या. किंमत विचारतायत एवढं कळलं, पण आकडा काही सांगता आला नाही, शेवटी कॅल्क्युलेटर पुढं केला. घरचे म्हणतात, पोराला गेमचं येड लागलंय, शिकणं हे नुसतं निमित्त. क्लास लावावा तर संभाजीनगर शंभर किलोमीटर. गेम बंद करू का?
— एक वाचक, फर्दापूर (ता. सोयगाव)

उत्तर : बंद करू नका. पण आत्ता खेळताय तसेच खेळत राहिलात, तर येत्या हिवाळ्यातही कॅल्क्युलेटरच पुढं करावा लागेल.

तुमच्या पत्रातली मोलाची गोष्ट म्हणजे आजी किंमत विचारतायत हे तुम्हाला कळलं. त्यांचं 'इकुरा देसु का' तुमच्या कानानं बरोबर धरलं. ही गेमचीच कमाई आहे, घरच्यांनाही सांगा. पुढं अडलं कुठं ते पाहा. गेममध्ये पडद्यावर 'मिजु' येतं, खाली चार पर्याय असतात, त्यातल्या 'वॉटर'वर बोट ठेवायचं. शब्द समोर असतो, तुम्ही तो फक्त ओळखता. दुकानात समोर काहीच लिहिलेलं नसतं. मनात मराठी असते आणि शब्द आतून काढून जिभेवर आणायचा असतो. आठवडी बाजारात एखाद्याचा चेहरा लांबूनच ओळखू येतो आणि नाव मात्र काही केल्या आठवत नाही, तसं तुमचं या साडेतीनशे शब्दांशी झालंय. त्यांना तोंडात बसवायचं काम राहिलंय, आणि ते त्याच गेमवर करता येतं.

आज रात्रीच एक करा. जुन्या लग्नपत्रिकेची जाड पट्टी कापा, मोबाईलच्या रुंदीची आणि चार बोटं उंच. जिथं पर्याय येतात तो भाग तिनं झाका. प्रश्न दिसला की मनात तीन मोजेपर्यंत उत्तर मोठ्यानं म्हणायचं, मगच पट्टी सरकवायची. तोंडातून निघालं नाही, तर पर्याय अचूक निवडला तरी तो शब्द चुकला असं धरून वहीत उतरवायचा. प्रश्नाची दिशा बदलायची सोय गेममध्ये असेल तर जपानी विचारून इंग्रजी उत्तर मागणारा प्रकार बंद करा, उलटा चालू करा. साडेतीनशेपैकी शंभर-सव्वाशेच राहिले तर हिरमुसू नका, ते पक्के आहेत. सेकंद मोजणारे खेळ मात्र सध्या बाजूला ठेवा. घाईत डोळा अर्थाकडे न बघता शब्दाची लांबी, पहिलं अक्षर आणि पर्यायाची जागा बघायला शिकतो, आणि गुण वाढतात तेही त्यामुळेच. खोलीत फिरून वस्तूंवर टिचकी मारायच्या गेममध्ये हाच घोटाळा जागेचा होतो: पलंगाशेजारची ती वस्तू म्हणून नाव आठवतं, तीच वस्तू स्वतःच्या घरात दिसली की आठवत नाही. म्हणून गेममध्ये शिकलेली वस्तू त्याच दिवशी घरात किंवा दुकानात शोधून, तिच्याकडे बघून नाव घ्यायचं.

दुसरी अडचण मधल्या इंग्रजीची आहे. हे गेम बहुतेक इंग्रजीतून शिकवतात, त्यामुळे डोक्यात पाणी, वॉटर, मिजु असा वळसा पडतो. गिऱ्हाईक तेवढा वेळ थांबत नाही. वहीत डाव्या बाजूला मराठी, उजवीकडे जपानी, मध्ये घडी. इंग्रजी शब्द कुठेच नको. मराठीतून जपानीत जाणं इंग्रजीतून जाण्यापेक्षा पुष्कळ सोपंही आहे. 'कोरे वा इशि देसु का' म्हणजे 'हा दगड आहे का?', आणि शेवटचा 'का' तर आपलाच वाटावा इतका तंतोतंत आहे. (फरक एवढाच की 'केवढ्याला?' अशा प्रश्नातही जपानीत तो लागतो.) क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. 'बासु दे इकिमासु', बसनं जातो. 'एकि नि इकिमासु', स्टेशनला जातो. 'दे' म्हणजे आपलं 'नं', 'नि' म्हणजे आपलं 'ला', तेही शब्दाच्या मागेच लागतात. गेम सुटा शब्द देतो, हे प्रत्यय सहसा देत नाही. म्हणून वहीत शब्द एकटा लिहू नका. 'बासु' न लिहिता 'बासु दे' लिहा, 'मिजु' न लिहिता 'मिजु ओ नोमिमासु', म्हणजे पाणी पितो, असं लिहा.

उच्चारातही मराठी माणसाला आयतं पुष्कळ मिळतं, फक्त ते वापरायला हवं. रोमन लिपीत 'टीएसयू' असं दिसणारं अक्षर म्हणजे आपल्या 'चूल'मधला च, तोही आखूड. 'कुत्सु', म्हणजे बूट, म्हणताना तोच च काढा. 'चि' मात्र 'चिंच'मधला. 'मिजु'तला जु 'जुना'मधला, 'जुलै'तला नव्हे. नाकातून निघणारं त्यांचं सुटं 'न' हे अक्षर आपल्या अनुस्वारासारखं वागतं: पुढं ब आला की म् ऐकू येतो, जसा 'आंबा'त. 'देसु'चा शेवटचा उकार जवळजवळ गिळतात, 'देस' असंच कानावर पडतं.

फसगत होते ती ऱ्हस्व-दीर्घाची. 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्या किंवा कुणीही मध्यम वयाची बाई, 'ओबाआसान' म्हणजे आजी. मधला आ एक ठोका जास्त धरला नाही तर आजीची मावशी होते, आणि मावशीवर तो चुकून जास्त धरला तर त्या बाईंना नक्कीच आवडणार नाही. तसंच 'किते' म्हणजे 'ये' आणि 'कित्ते' म्हणजे टपालाचं तिकीट. पोस्टकार्ड विकणाऱ्याला दुसरा शब्द लागणारच आहे. आपल्या जोडाक्षराइतकं थांबायचं, बस. यासाठी गेमचा आवाज चालू हवा आणि शक्यतो कानात हेडफोन. आवाज बंद ठेवून खेळलेला शब्द वाचता येतो, बोलता येत नाही.

लिपीवर तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा रोमन अक्षरांवर चाललंय. ती सेटिंगमधून काढून टाका. जपानीच्या दोन अक्षरमाला आहेत: हिरागाना ४६ अक्षरं, काताकाना ४६. रोज पाच घेतली तर दोन्ही मिळून जेमतेम तीन आठवडे लागतात, उजळणी धरून चार. त्यांचा क्रमही परका वाटणार नाही: आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा. संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तो तिकडे घडला. देवनागरीत उच्चार लिहून काढणं पहिल्या आठवड्यापुरतं ठीक, पण 'ए' आणि 'ओ' यांना आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ नाही, त्यामुळे ती सवय पुढं नडते.

अक्षरं नुसत्या बोटाच्या टिचकीनं पक्की होत नाहीत, हातानं लिहावीच लागतात. काताकानातले 'शि' आणि 'त्सु' वर्षभर खेळूनही लोक उलटसुलट करतात, कारण गेममध्ये दोन्ही म्हणजे दोन छोट्या रेघा आणि एक लांब. लिहायला घेतलं की फरक हातात बसतो. 'शि'च्या छोट्या रेघा डाव्या बाजूला एकाखाली एक, आणि लांब रेघ खालून वर जाते. 'त्सु'च्या छोट्या रेघा वर शेजारीशेजारी, आणि लांब रेघ वरून खाली उतरते. 'न' आणि 'सो' यांचंही तसंच, फक्त छोटी रेघ एकच. हिरागानात 'नु'-'मे', 'हा'-'हो' आणि 'ने'-'रे'-'वा' या जोड्या एकमेकांशेजारी दहा-दहा वेळा लिहा. आणखी एक: छापील 'सा' आणि 'कि' यांचा खालचा बाक वरच्या भागाला जोडलेला असतो, हाताने लिहिताना तो सुटा असतो. पर्यटकानं कागदावर काही लिहून दाखवलं तर गोंधळू नका.

आता आकड्यांकडे येऊ, कारण तुमचं खरं अडलंय तिथं. गेम एक ते दहा शिकवून पुढं जातात: इचि, नि, सान, योन, गो, रोकु, नाना, हाचि, क्यू, ज्यू. चारला 'शि' आणि सातला 'शिचि' असेही शब्द आहेत, पण भाव सांगताना योन आणि नानाच वापरा; 'शि'चा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा होतो. एकोणतीस-एकोणचाळीसची आपल्यासारखी कटकट नाही. वीस म्हणजे दोन-दहा, 'निज्यू', पन्नास 'गोज्यू', पंचावन्न 'गोज्यू गो'. शंभर 'ह्याकु', त्याच्या आधी इचि लावायचं नाही. दोनशे 'निह्याकु', चारशे 'योनह्याकु', पाचशे 'गोह्याकु'. तीन जागी आवाज बदलतो आणि गेम नेमकं इथंच हात आखडतात: तीनशे 'सांब्याकु', सहाशे 'रोप्प्याकु', आठशे 'हाप्प्याकु'. हजार 'सेन', तीन हजार 'सांजेन', आठ हजार 'हास्सेन'. दहा हजाराला वेगळाच शब्द आहे, 'मान', आणि पुढची मोजणी त्याच्यावर चालते. लाख म्हणजे दहा मान, 'ज्यूमान'. साडेसहाशेचा खडा असेल तर 'रोप्प्याकु गोज्यू रुपी देसु'.

हे शिकायला गेमपेक्षा तुमचा गल्ला बरा. दहा, वीस, पन्नास, शंभर, दोनशे आणि पाचशेची एकेक नोट घ्या, उलटी करून पिसा, एक ओढा आणि बघताक्षणी जपानीत म्हणा. ते जमलं की दोन नोटा ओढून बेरीज म्हणा. रोज पाच मिनिटं, दुकान उघडताना. शिवाय दिवसभर मराठी गिऱ्हाइकाला सुट्टे परत देताना तोच आकडा मनात जपानीत म्हणायचा. पंधरा दिवसांत विचार न करता येऊ लागतो. कॅल्क्युलेटर दाखवायला हरकत नाही, तोंडानं आकडा आधी सांगितलेला असला म्हणजे झालं.

गेमनं अर्थ बरोबर दिलेला असतो, तरी दुकानात उलटा पडतो असे काही शब्द आहेत. 'केक्कोऊ देसु' याचा अर्थ यादीत 'छान, उत्तम' असा सापडतो. गिऱ्हाईक हात किंचित हलवून तेच म्हणालं तर त्याचा अर्थ 'नको, राहू द्या'. 'दाइज्योऊबु देसु', म्हणजे 'ठीक आहे', हेही नकारच. तुम्ही होकार समजून माल कागदात गुंडाळायला घेतलात तर समोरचा संकोचून गप्प होतो, आणि पुढच्या वेळी दुकानात शिरत नाही. 'चोत्तो' म्हणजे 'थोडं', पण 'चोत्तो...' म्हणून वाक्य अर्धवट सोडलं तर तेही नाहीच, मागे लागायचं नाही. 'आनाता' म्हणजे 'तुम्ही' असं गेम पहिल्याच धड्यात शिकवतो. गिऱ्हाइकाला आनाता म्हणू नका, कानाला खटकतं. जपानीत ते 'तुम्ही' बहुधा गाळलंच जातं, आणि लागलंच तर 'ओक्याकुसामा', म्हणजे पाहुणे किंवा ग्राहक, हा मानाचा शब्द वापरतात. लढाईच्या गेममधून आणि ॲनिमेमधून 'ओरे', 'ओमाए' असले शब्द तोंडात बसतात. ते आपल्या अरे-तुरेपेक्षा खडबडीत आहेत, दुकानात चुकूनही नकोत. 'इराश्शाइमासे', म्हणजे 'या, या', हे दुकानदारानं म्हणायचं आणि गिऱ्हाईक त्याला सहसा उत्तर देत नाही. तिकडची रीतच तशी आहे, मनाला लावून घेऊ नका.

गेमच्या शब्दयादीत तलवार आणि ड्रॅगन असतात, तुमच्या दुकानातल्या वस्तू नसतात. ती यादी तुम्हीच करायची. खडा किंवा दगड 'इशि', स्फटिक 'सुइश्योऊ', अकीक 'मेनोऊ', पोस्टकार्ड 'एहागाकि', मोठं 'ओओकिई', लहान 'चिइसाइ', महाग 'ताकाइ', स्वस्त 'यासुइ', खरं-अस्सल 'होनमोनो'. वाट सांगायला उजवीकडे 'मिगि', डावीकडे 'हिदारि', सरळ 'मास्सुगु', आणि स्वच्छतागृहाला 'तोइरे'. लेणी म्हणजे 'दोऊकुत्सु', भित्तिचित्र 'हेकिगा', बूट काढा 'कुत्सु ओ नुइदे कुदासाइ'.

यात दोन शब्द असे आहेत की ऐकून तुम्हालाच आनंद होईल. पहिल्या लेणीतल्या पद्मपाणीचं पोस्टकार्ड दाखवताना 'बोसात्सु' म्हणा; तो आपलाच बोधिसत्त्व, चीनमार्गे तिकडे गेलेला. सव्विसाव्या लेणीतल्या पहुडलेल्या बुद्धासाठी 'नेहान', म्हणजे निर्वाण. गिऱ्हाईक आणि तुम्ही एकाच शब्दावर भेटता, अशी जागा दुसऱ्या कुठल्या दुकानात क्वचितच मिळेल. (दुकानात चित्र दाखवून बोलणं वेगळं आणि लेणीत गाइड म्हणून माहिती देणं वेगळं, त्याला परवाना लागतो.)

कुठले गेम, तर थोडेच. अक्षरांसाठी जपान फाउंडेशनच्या कान्साई इथल्या संस्थेची 'हिरागाना मेमरी हिंट' आणि 'काताकाना मेमरी हिंट' ही ॲप मोफत आहेत. चित्रातून अक्षर लक्षात राहतं आणि लगेच छोटी चाचणी होते. लॅपटॉपवर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातला 'लर्न जॅपनीज टू सर्व्हाइव्ह! हिरागाना बॅटल' (२०१६) हा शत्रूच्या रूपात आलेलं अक्षर ओळखून लढायचा गेम आहे. तो साध्या बनावटीचा असल्यानं जुन्या मशीनलाही पेलतो, पण उत्तरं रोमनमध्ये दाखवतो, म्हणून अक्षरं येताच तो सोडायचा. वस्तूंच्या नावांसाठी 'इन्फ्लुएंट' (२०१४). तुम्हाला सगळ्यात उपयोगी 'शाशिंगो' (२०२४) वाटेल, कारण त्यात जपानी रस्त्यावर फिरत फोटो काढून वस्तूंची नावं शिकायची असतात. भावाचा लॅपटॉप तो ओढेल का, हे विकत घेण्याआधी गेमच्या पानावर लिहिलेल्या गरजा वाचून बघा. स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, त्यामुळे पहिल्या तासाभरातच तो अडखळतोय का ते पाहून घ्या. सेलची वाट पाहिली तर किंमत बरीच उतरते. एकदा उतरवून घेतला की ऑफलाइन चालतो, रोजचा डेटा जळत नाही. तीन-तीन गेम एकदम लावू नका. प्रत्येकाची यादी वेगळी, आणि कुठल्याच यादीची उजळणी पुरी होत नाही.

उजळणी अँकीड्रॉइड या मोफत ॲपवर करा किंवा साध्या वहीवर. वहीत तारीख टाकून शब्द पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, सोळाव्या आणि पस्तिसाव्या दिवशी मराठीकडून विचारायचा. चुकला की पुन्हा पहिल्या दिवसापासून. रोज नवे शब्द सहाच, आठवड्यातून पाच दिवस. वीस आठवड्यांत सहाशे होतात. उत्साहाच्या भरात रोज वीस घेतले तर दहाव्या दिवशी जुने शब्द इतके साचतात की वही उघडावीशी वाटत नाही. वेळ अशी बसवा: उन्हाळ्यात दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा वीस मिनिटं गेम पट्टी लावून, त्यानंतर लगेच पंधरा मिनिटं वही. वही झाली नाही त्या दिवशी दुसऱ्या दिवशीचा गेम नाही. सलग दिवसांची साखळी तुटू नये म्हणून रात्री अकराला दोन मिनिटं बोट फिरवणं हे शिकण्यात धरू नका. कान तयार होण्यासाठी एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण संस्थेचे मोफत धडे हिंदीतूनही आहेत. गेममधला आवाज एकाच कलाकाराचा आणि संथ असतो, त्यावर विसंबून चालत नाही.

पुढं प्रमाणपत्र हवं असेल तर जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-५ ही पहिली पायरी आहे. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, पुण्यात केंद्र आहे. साधारण आठशे शब्द आणि शंभर कांजी (चिनीतून आलेली शब्दचिन्हं) यांची तयारी धरतात. १८० पैकी ८० गुण लागतात, आणि ऐकण्याच्या भागात ६० पैकी निदान १९. बोलण्याची परीक्षा त्यात नसते, तेव्हा तुमच्या दुकानासाठी ती अडून राहिलेली नाही.

घरच्यांना वाद घालून पटणार नाही. काकांनाच परीक्षक करा. सोमवारी लेणी बंद, दुकान थंड. त्या दिवशी काकांच्या हातात वही द्या, त्यांनी कुठूनही वीस मराठी शब्द आणि पाच भाव विचारायचे, तुम्ही जपानीत सांगायचे. त्यांना जपानी येण्याची गरज नाही, उजव्या बाजूला प्रत्येक शब्दाखाली देवनागरीत बारीक उच्चार लिहून ठेवा, तो फक्त काकांसाठी. विसातले सोळा आले तर पुढचा आठवडा नवे शब्द, नाहीतर तो आठवडा फक्त जुने. वीसच्या वीस आले त्या सोमवारी प्रत्येक खड्याच्या चिठ्ठीवर मागच्या बाजूला त्याचा भाव हिरागानात लिहायला घ्या, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत सगळं दुकान लिहून होईल.